परदेशात राहून सोलापूरचा मोसम कसा सांभाळावा

परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाला फळांची आठवण झाली की ती हापूसचीच असणार, असे जणू ठरूनच गेले आहे. एप्रिल उजाडला की देवगड-रत्नागिरीच्या पेट्यांचे भाव, त्या मिळून मागवणारे गट आणि पेटीतले किती आंबे डागाळलेले निघाले याचे हिशेब सुरू होतात, आणि सोलापूरचा माणूसही त्या सुरात आपला सूर मिसळून मोकळा होतो. वास्तविक हापूस सोलापुरातही पाहुणाच असतो. तो कोकणातून येतो आणि भाव उतरेपर्यंत बहुतेक घरे त्याच्याकडे दुरूनच पाहतात. आंब्याचे दोन-अडीच महिने सोडले तर सोलापूरकराचे उरलेले वर्ष सीताफळ, डाळिंब, बोर, हुरडा, द्राक्षे आणि कवठ यांनी भरलेले असते, आणि परदेशात नेमकी त्यांची सोय कशी लावावी हे कोणी सांगत नाही. ते सांगण्यासाठी हे टिपण आहे. माझे वास्तव्य युरोपात असल्यामुळे तेथील दाखले अधिक येतील; अमेरिका, आखात आणि ऑस्ट्रेलिया येथील वाचकांसाठी जेथे फरक पडतो तेथे तो सांगितला आहे.

सर्वप्रथम एक कागद घेऊन गावाकडचा मोसम महिनावार लिहून काढावा. हे काम वाटते तितके सोपे नसते, कारण बारा महिने सर्व काही मिळणाऱ्या दुकानांची सवय झाली की कोणते फळ कधी येते याचे भान पुसट होत जाते. सोलापूरपुरते सांगायचे तर सीताफळ ऑगस्टच्या अखेरीस दिसू लागते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास भरात असते. बोरे नोव्हेंबरच्या शेवटी सुरू होतात, संक्रांतीला त्यांचा कळस होतो आणि फेब्रुवारीत ती सरतात. हुरडा डिसेंबर-जानेवारीचा, द्राक्षे जानेवारी ते एप्रिलची, कवठ महाशिवरात्रीच्या आगेमागे, त्यानंतर आंबा आणि पावसाच्या तोंडाशी जांभूळ, असा हा क्रम आहे. डाळिंब मात्र या क्रमात बसत नाही. शेतकरी पाणी तोडून झाडाला ताण देतो आणि आंबे बहार, मृग बहार किंवा हस्त बहार या फुलोऱ्याच्या तीन हंगामांपैकी एक धरतो, त्यामुळे जिल्ह्यात कोठे ना कोठे डाळिंब जवळपास वर्षभर निघत असते.

हा कागद तयार झाला की प्रत्येक नावासमोर एक निर्णय लिहावा: हेच फळ येथे मिळते का, मिळत नसेल तर त्याचे भावंड मिळते का, तेही नसेल तर सुकवलेले, गोठवलेले किंवा डबाबंद रूप चालेल का, आणि यांपैकी काहीच जमत नसेल तर ते गावाच्या फेरीसाठी राखून ठेवायचे का. या चौथ्या रकान्यात एखाद-दुसरे नाव राहिले तरी बिघडत नाही. सगळीच फळे मिळवायचा हट्ट धरला की पैसाही जातो आणि जे हाती येते त्याचीही गोडी राहत नाही.

डाळिंब: सर्वांत सोपे, तरीही फसवणारे

सोलापूर डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही शहरालगत केगाव येथे आहे, त्यामुळे या फळाविषयी सोलापूरकराची जीभ थोडी चढेल असते, आणि ते स्वाभाविकही आहे. सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा या भागांतला भगवा वाण दाण्याला गडद, चवीला गोड आणि बी मऊ असा असतो. दाणे तोंडात टाकून चावले तर बी जाणवतही नाही. अमेरिकेतील दुकानांत ऑक्टोबरपासून जे मोठे लालबुंद डाळिंब भरलेले दिसते ते बहुधा वंडरफुल जातीचे असते. त्याची बी टणक आणि चव आंबटगोड असते. ते खाऊन निराश होण्यापेक्षा त्याचा रस काढावा, त्यासाठी ते उत्तम आहे. तुर्की दुकानांत मिळणारी काही डाळिंबेही अशीच आंबटाकडे झुकलेली असतात.

युरोपात राहणाऱ्यांनी शरद ऋतूत स्पेनचे मोयार दे एल्चे हे डाळिंब शोधावे. त्याची साल फिकट, दाणे गुलाबीसर, कधी कधी पांढुरकेच असतात, म्हणून भगव्याला सरावलेला माणूस ते कच्चे समजून बाजूला सारतो. प्रत्यक्षात त्याची बी मऊ आणि चव गोड असते, आणि डोळे मिटून खाल्ले तर सांगोल्याच्या डाळिंबाची आठवण त्यानेच जास्त होते. हिवाळ्याच्या उत्तरार्धात काही दुकानांत भारतातून आलेला भगवाही मिळतो. खोक्यावरचे उगमस्थान वाचण्याची सवय ठेवावी. आखातात तर ते शोधावेच लागत नाही.

निवडताना रंगाकडे कमी आणि वजनाकडे अधिक लक्ष द्यावे. दोन सारख्या आकाराची फळे दोन हातांत घेतली तर जड लागेल ते रसाळ असते. दाणे भरले की साल आतून ताणली जाते आणि गोल फळाला किंचित बाजू पडतात. असे चौकोनीपणाकडे झुकलेले फळ घ्यावे. साल थोडी सुकून चामड्यासारखी झाली असली तरी चालते. अखंड डाळिंब शीतकपाटात कित्येक आठवडे टिकते, म्हणून मोसमात जास्त आणून ठेवण्यात धोका नाही. सोललेले दाणे गोठवायचे असतील तर आधी ताटात एकेरी पसरून गोठवावेत आणि मग पिशवीत भरावेत, म्हणजे त्यांचा गोळा होत नाही. मात्र गोठवलेला दाणा पुन्हा कुरकुरीत होत नाही. तो दहीभातावर किंवा कोशिंबिरीत घालण्यापुरता ठीक असतो.

सीताफळ: येथे संयम लागतो

सीताफळाच्या बाबतीत सोलापूर जिल्ह्याचा तोरा रास्त आहे. बालाघाटाच्या डोंगररांगांतली रानची सीताफळे आहेतच, शिवाय बार्शी तालुक्यातील गोरमाळे येथील शेतकरी नवनाथ कसपटे यांनी निवडपद्धतीने तयार केलेला एनएमके-१ गोल्डन हा मोठ्या फळाचा, कमी बियांचा आणि अधिक टिकणारा वाण आता देशभर पोहोचला आहे. तरीही सीताफळ हे प्रवासाला अत्यंत नाजूक फळ आहे. झाडावरून काढल्यावर ते काही दिवसांतच पिकते आणि पिकल्यावर एका दिवसात उतरते, त्यामुळे खऱ्या सीताफळाची परदेशातली भेट क्वचितच होते. थाई, व्हिएतनामी किंवा तैवानी माल ठेवणाऱ्या दुकानदाराशी ओळख करून घेऊन त्याच्याकडे उन्हाळ्याच्या अखेरीपासून चौकशी करत राहावे. असा दुकानदार हाताशी असणे हे या सर्व उद्योगातले मोठे भांडवल आहे, आणि ते मिळवण्यासाठी एरवीही त्याच्याकडून भाजी घेत जावे.

भावंडे मात्र सहज मिळतात. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर, ग्रानादा प्रांतात, चेरिमोयाचे पीक मोठे आहे आणि ऑक्टोबरपासून वसंत ऋतूपर्यंत ते युरोपच्या बाजारात असते. कॅलिफोर्नियातही ते हिवाळ्यात मिळते. त्याची साल गुळगुळीत, अंगठ्याचे ठसे उमटल्यासारखी असते. आतला गर लोण्यासारखा असून त्याला थोडी आंबूस धार असते. आपल्या सीताफळाचा रवाळपणा आणि एकेक पाकळी सुटून येण्याची गंमत त्यात नसते, हे आधीच मनाशी धरावे. ऑस्ट्रेलियात जे कस्टर्ड अॅपल म्हणून विकले जाते ते अतेमोया, म्हणजे सीताफळ आणि चेरिमोया यांचा संकर. चवीने ते आपल्या फळाच्या अधिक जवळ येते. तेथे ऋतू उलटे असल्यामुळे त्याचा मोसम मार्चपासून पुढे सुरू होतो. सोलापुरात उन्हाने जीव नकोसा झालेला असताना ब्रिस्बेनच्या सोलापूरकराच्या घरी सीताफळाची बासुंदी चाललेली असते, ही सवलत त्याने खुशाल घ्यावी.

पिकवण्याची रीत तिन्ही फळांना एकच आहे. फळ घट्ट असतानाच घ्यावे, कारण दुकानात मऊ झालेले फळ दहा जणांनी दाबून पाहिलेले असते. सीताफळाच्या अंगावरील फोडींमधल्या खाचा रुंद होऊन पिवळसर दिसू लागल्या, ज्याला आपण डोळे उघडणे म्हणतो, तर ते पिकण्यास तयार झाले असे समजावे. डोळे मिटलेले फळ कितीही जपले तरी बहुधा काळे पडते, पिकत नाही. चेरिमोयाला असे डोळे नसतात. तेथे गडद हिरवा रंग जाऊन पिवळट झाक येण्याकडे पाहावे. घरी आणल्यावर फळ कागदी पिशवीत एखाद्या पिकलेल्या केळ्याबरोबर ठेवावे, पिशवीचे तोंड दुमडावे आणि रोज सकाळी देठाजवळ अंगठ्याने अगदी हलके दाबून पाहावे. गावाकडे हेच काम धान्याचा डबा किंवा गवताचा थर करतो. पिशवी खिडकीच्या थंड कठड्यावर ठेवू नये, आणि कच्चे फळ शीतकपाटात तर मुळीच ठेवू नये. दहा-बारा अंशांखालील थंडी लागली की साल काळवंडते, आणि मग ते फळ उबेत आणले तरी नीट पिकत नाही. मऊ झाल्यावर मात्र एक-दोन दिवस शीतकपाटात ठेवण्यास हरकत नाही, आणि खाण्यापूर्वी थोडा वेळ बाहेर काढून ठेवावे, म्हणजे वास परत येतो.

गोठवलेला सीताफळाचा गर भारतीय किराणा दुकानांत आता बऱ्याच ठिकाणी मिळतो. डब्यावरील मजकूर वाचून साखर न घातलेला गर घ्यावा. बासुंदी करताना दूध आटवून पूर्ण गार होऊ द्यावे आणि मगच गर मिसळावा; गर शिजला की कडवट होतो, आणि ती चव कितीही वेलदोडा घातला तरी झाकत नाही. ताज्या फळाचा गर काढताना बिया हातानेच किंवा चाळणीवर घासून वेगळ्या कराव्यात. मिक्सरला लावण्याची घाई करू नये, कारण सीताफळाची बी विषारी असते आणि फुटलेल्या बीचा अंश डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होऊ शकते. लहान मुले जवळ असतील तर ही गोष्ट विशेष लक्षात ठेवावी.

बोर आणि संक्रांत

माझ्या मते परदेशात सर्वांत अधिक दुर्लक्षित झालेले सोलापुरी फळ बोर हे आहे. त्याला ना आंब्याची प्रतिष्ठा, ना डाळिंबाची निर्यात; पण सिद्धेश्वरांच्या यात्रेचे दिवस, नंदीध्वजांची मिरवणूक आणि होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे यात्रेतला मेळा, आठवला की त्याबरोबर कागदाच्या पुडीतली तिखटमीठ लावलेली बोरेही आठवतात. यात्रा काही टपालाने मागवता येत नाही, पण बोरांचे काहीतरी करता येते.

दुकानात जुजुबे, तुर्की दुकानात हुन्नाप आणि इराणी दुकानात अन्नाब या नावाने जे मिळते ते चिनी बोर असते. आपल्या बोराच्याच कुळातले, पण थंड हवेत वाढणारे. उत्तर गोलार्धात ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ताजे मिळते, म्हणजे आपल्या बोरांच्या दोन-तीन महिने आधी. निवडताना अर्धे हिरवट आणि अर्धे तपकिरी असलेले फळ घ्यावे. तेव्हा ते कुरकुरीत असते आणि चव आपल्या मोठ्या उमराण बोराच्या आसपास जाते. पूर्ण तपकिरी होऊन सुरकुतले की ते खारकेच्या वाटेला लागते. या फळात आंबटपणा जवळजवळ नसतो, म्हणून नुसते खाल्ले तर ‘हे काय बोर झाले!’ असे वाटणारच. त्यासाठी फळे चिरून त्यांवर लिंबू पिळावे, मीठ, लाल तिखट आणि चिमूटभर आमचूर घालून वाटी झाकून पंधरा-वीस मिनिटे ठेवावी. मग ती वाटी समोर घेऊन बसावे. पहिल्या घासाला तुलना करण्याचा मोह आवरला तर उरलेली वाटी चांगली जाते. खरी भारतीय बोरे इंग्लंडमधील भारतीय वस्तीच्या दुकानांत हिवाळ्यात कधीमधी दिसतात, तसेच थाई आणि तैवानी दुकानांत सफरचंदाएवढी हिरवी बोरे येतात. ती आपल्याच जातीची असतात, मात्र पाणचट. त्यांनाही वरील तिखटमीठच तारते.

भोगीच्या भाजीत बोर हवे असेल तर ऑक्टोबरमध्येच ताजे जुजुबे धुऊन, कोरडे करून अखंड गोठवून ठेवावेत आणि भाजी शिजत आल्यावर अखेरीस घालावेत. तेवढे पूर्वनियोजन झाले नसेल तर चिनी दुकानातले सुकवलेले लाल बोर कोमट पाण्यात तासभर भिजवून वापरावे. गोड थोडे जास्त होते, म्हणून चिंचेचे पाणी किंचित वाढवावे. भाजीतले सोलाणे गोठवलेले मिळतात, गाजर आणि वांगी आहेतच, आणि पावट्याच्या जागी गोठवलेले वालाचे दाणे चालतात. बाजरीची भाकरी आणि तीळ याबद्दल वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

याच सुकवलेल्या बोरांचे बोरकूटही होते. बिया काढून फोडी अगदी मंद आचेच्या भट्टीत खडखडीत होईपर्यंत सुकवाव्यात, गार झाल्यावर थोड्या थोड्या दळाव्यात आणि त्यात गूळ पावडर, मीठ, भाजलेले जिरे आणि बऱ्यापैकी आमचूर मिसळावा. चिनी बोर गोड असल्यामुळे येथे आमचुराचा हात आखडता घेऊ नये. हवाबंद बरणीत हे कूट बरेच दिवस टिकते.

घरात लहान मूल असेल आणि बोरन्हाण करायचे असेल तर एक काळजी घ्यावी. पाच वर्षांखालील मुलांच्या अंगावरून अखंड बोरे, द्राक्षे किंवा उसाचे टणक तुकडे ओतले की ती वेचून तोंडात जातातच, आणि ती घशात अडकण्याचा धोका असतो. डोक्यावरून चुरमुरे ओतावेत, आणि बोरे चिरून, बी काढून नंतर हातात द्यावीत. जमलेल्या परदेशी शेजाऱ्यांना हा सोहळा समजावून सांगताना थोडी तारांबळ उडते, पण त्यांची मुले चुरमुऱ्यांत सर्वांत जास्त रमतात.

हुरडा, कवठ आणि इतर

हुरडा फळ नव्हे हे खरे, परंतु सोलापूरच्या हिवाळ्याचे टिपण त्याला वगळून पुरे होत नाही. गूळभेंडी ज्वारीचा कोवळा दाणा आगटीतल्या निखाऱ्यात भाजून, तळहातावर चोळून, शेंगाचटणी आणि दह्याबरोबर खाण्याचा प्रकार परदेशात हुबेहूब होणे नाही. गुजराती माल ठेवणाऱ्या दुकानांत पोंक या नावाने गोठवलेला हुरडा कधी कधी मिळतो. तो न विरघळवता थेट तापलेल्या लोखंडी तव्यावर टाकावा, झाकण ठेवू नये आणि दाण्याला डाग पडताच उतरवावा. तो न मिळाल्यास हावळ्यावर समाधान मानावे. मेक्सिकन दुकानांत वसंत ऋतूत ओल्या हरभऱ्याचे घाटे मिळतात, ते सालीसकट लोखंडी कढईत मीठ शिंपडून करपेपर्यंत परतावेत. अंगणात कोळशाची शेगडी पेटवण्याची परवानगी असेल तर त्याहून उत्तम. शेंगाचटणी मात्र सोलापूरचीच असावी, याबाबत तडजोड करू नये.

कवठाचा शोध भारतीय दुकानात घेतला जातो आणि तो तेथे सहसा फसतो. श्रीलंकेच्या मालाच्या दुकानात जावे. तेथे कवठाला दिवुल म्हणतात आणि त्याचा गर गोठवलेला किंवा बाटलीबंद मिळतो. बाटलीबंद पेयात साखर असते, म्हणून गोठवलेला सपक गरच घ्यावा. महाशिवरात्रीच्या चटणीसाठी गराच्या साधारण निम्मा गूळ, मीठ, तिखट आणि जिरे एवढे पुरे आहे.

द्राक्षांच्या बाबतीत फार कष्ट नाहीत. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युरोपातील मोठ्या दुकानांत भारतीय द्राक्षे असतात. बहुतांश नाशिकची, पण त्यात सोलापूरजवळच्या नान्नजचा एखादा घड नसेलच असे नाही, अशी सोलापूरकराने स्वतःची समजूत घालावी. सोनाका वाण नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी शोधला हे त्या निमित्ताने मुलांना सांगता येते. आखातात राहणाऱ्यांनी केळ्यांच्या खोक्यावरचा पत्ता वाचावा, कारण करमाळा तालुक्यातील कंदर परिसराची केळी तिकडे मोठ्या प्रमाणावर जातात. तिखटमीठ लावून खाण्याचा पेरू मेक्सिकन आणि थाई दुकानांत मिळतो. जांभळे गोठवलेली मिळतात. ताडगोळे थायलंडच्या डब्यांत साखरेच्या पाकात असतात, ते धुऊन खावे लागतात आणि तरीही फारसे जमत नाहीत.

आंब्याबद्दल दोनच गोष्टी. अमेरिकेने भारतीय आंब्याला २००७ मध्ये दार उघडले ते विकिरण प्रक्रियेच्या अटीवर, आणि ती प्रक्रिया व विमानाचे भाडे धरून पेटीची किंमत जिथे जाते तिथे जाऊ द्यावी. आमरसासाठी मेक्सिकोचा अताउल्फो आंबा चांगला पिकवून घ्यावा. रेषा कमी आणि गर भरपूर असतो, फक्त वास उणा पडतो, म्हणून त्यात केसरच्या डबाबंद रसाचा चौथा हिस्सा मिसळावा. आणि ज्यांना गावरान रायवळ आंबा चोखून खाण्याची आठवण येते, त्यांनी इंग्लंड किंवा आखातात जुलै-ऑगस्टमध्ये पाकिस्तानी चौसा घ्यावा, हातांनी माचवून मऊ करावा आणि देठाकडून चोखावा.

सामानात काय न्यावे

ताजे फळ सामानात घालण्याचा विचार आरंभीच सोडून द्यावा. फळमाशीसारख्या किडींच्या भीतीने बहुतेक देश प्रवाशांच्या सामानातील ताज्या फळांवर कडक निर्बंध घालतात. युरोपीय संघात केळी, अननस, नारळ, खजूर आणि दुरियन ही पाच फळे सोडून इतर ताज्या फळांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, म्हणजे डाळिंब, सीताफळ आणि बोर तिन्ही आलीच. दुधाचे पदार्थही तेथे नेता येत नाहीत, त्यामुळे सीताफळ बासुंदी किंवा पेढे विमानतळावरच राहतात. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात खाद्यपदार्थ जाहीर करणे सक्तीचे आहे. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते, लपवलेल्या वस्तूपायी दंड होतो. रोपे, कलमे आणि लावण्याचे बियाणे यांचे नियम याहून कडक आहेत. नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर ते एकदा वाचावेत. नातलगांच्या ‘आम्ही तर नेहमी नेतो’ या आश्वासनावर विसंबू नये.

उरतात ते टिकाऊ पदार्थ. द्राक्षांचा जिल्हा असल्यामुळे बेदाणे हे सोलापूरहून नेण्याचे सर्वांत सोयीचे फळ आहे. उन्हाळ्यात नवा माल निघाल्यावर पंढरपूर किंवा सोलापूरच्या बाजारातून तो घ्यावा. लांबट, हिरवट झाक असलेला आणि मुठीत दाबल्यावर चिकटून न राहणारा बेदाणा पाहावा. त्याच्याबरोबर बोरकूट, आमसुले, बी काढलेली नवी चिंच आणि शेंगाचटणी मूळ छापील वेष्टनातच न्यावी. घरगुती डब्यातील तपकिरी भुकटी अधिकाऱ्याला समजावून सांगणे हे रात्रभराच्या प्रवासानंतर कोणाच्याही आवाक्याबाहेरचे असते. तेलकट लोणचे असेल तर ते हातातल्या पिशवीत नको, मोठ्या सामानात घालावे आणि बरणीचे झाकण चिकटपट्टीने बांधावे.

फेरी केव्हा मारावी

परदेशातून येणारे बहुतेक जण एकतर मुलांच्या उन्हाळी सुट्टीत, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये येतात, किंवा नाताळात. फळांच्या दृष्टीने यांत सरळ निवड आहे. जुलैत आंबा संपलेला असतो, सीताफळ यायचे असते, आणि आंबे बहाराचे डाळिंब व थोडी जांभळे यांवर समाधान मानावे लागते. याउलट डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आलेल्या माणसाला बोरे, हुरडा, मृग बहाराचे डाळिंब, ओला हरभरा आणि मोसम लांबला असेल तर शेवटची सीताफळेही मिळतात. रजा संक्रांतीपर्यंत ओढता आली तर पहिली द्राक्षे आणि गड्डाही पदरात पडतो. नाताळच्या तिकिटाला पैसे जास्त पडतात हे मान्य आहे. तरी दोन वर्षांतून एक फेरी अशी आखता येत असेल तर ती अवश्य आखावी, आणि आल्यावर पहिल्याच सकाळी लक्ष्मी मंडईत जावे, कारण नंतरचे दिवस जेवणाच्या आमंत्रणांत जातात.

जी फळे चौथ्या रकान्यात राहिली, त्यांच्याबाबत घरच्यांशी एक बोलणे करून ठेवावे. ‘तू इथे नाहीस म्हणून यंदा सीताफळे आणलीच नाहीत’ असे आई फोनवर सहज म्हणून जाते, आणि इकडे दिवसभर त्याचीच रुखरुख लागते. तिला स्पष्ट सांगावे की आणत जा आणि खातानाच फोन लाव. फळ कसे निघाले, काय भाव लागला, मंडईत यंदा माल कमी का आला, हे सगळे तिच्याकडून ऐकावे. या बोलण्याने वर सांगितलेला महिनावार कागदही आपोआप दुरुस्त होत राहतो, कारण पाऊस लांबला की सीताफळ लांबते, अवकाळीने द्राक्षे झोडपली की बेदाण्याचा भाव चढतो, आणि परदेशातल्या दुकानातील खोक्यावर यातले काहीही लिहिलेले नसते. तो कागद शीतकपाटाच्या दारावर लावावा. पुढचा मोसम सुरू होण्याच्या महिनाभर आधी दुकानदाराला आठवण द्यावी आणि गोठवण्याच्या खणात तेवढी जागा मोकळी करून ठेवावी.